भुतांच्या राहून गेलेल्या इच्छा : 'दांदादान'ची रचना

राक्षसांशी लढाया आणि शाळकरी पोरांचे रोजचे जगणे यांची एकत्र मोट बांधणाऱ्या जपानी चित्रमालिका काही थोड्या नाहीत. त्यांच्याविषयी बोलताना 'समतोल' हा शब्द हटकून येतो. दहा पाने मारामारी, मग चार पाने डबा, परीक्षा आणि पहिले प्रेम. हे प्रमाण जमले की मालिका चांगली, असा एक ढोबळ हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब बरेचदा चालूनही जातो. पण त्यात लढाई आणि दैनंदिन जीवन हे दोन वेगळे माल आहेत असे गृहीत धरलेले असते. युकिनोबु तात्सु यांच्या 'दांदादान' या मालिकेत हे गृहीतकच कोसळते. तिथे लढणाऱ्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची गोष्ट हवी असते : आपले म्हणणारे कोणीतरी, खेळायला सोबती, पोटच्या पोराचे औषध. म्हणून या मालिकेत समतोल शोधण्यापेक्षा ही एकजिनसी वीण कशी साधली आहे आणि ती कुठे उसवते, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

आधी आवश्यक तेवढी ओळख. 'दांदादान' ६ एप्रिल २०२१ पासून शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या 'शोनेन जंप प्लस' या डिजिटल नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. तात्सु यांनी त्याआधी 'चेनसॉ मॅन'चे तात्सुकी फुजिमोतो आणि 'जिगोकुराकु'चे युजी काकू या दोघांकडे साहाय्यक चित्रकार म्हणून काम केले होते. ही उमेदवारी पानापानावर दिसते. सायन्स सारू या स्टुडिओने केलेली अॅनिमे मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि तिचा दुसरा भाग जुलै २०२५ मध्ये. आपल्याकडच्या बहुतेक प्रेक्षकांना कथा ठाऊक आहे ती या अॅनिमेमुळे. इथे मात्र विचार मुख्यतः मूळ चित्रकथेचा आहे.

कथेचा आरंभ एका पैजेने होतो. मोमो आयासे ही शाळकरी मुलगी भुते मानते, परग्रहवासी मानत नाही. तिच्या शाळेतला एकलकोंडा मुलगा केन ताकाकुरा याचे नेमके उलटे. पैज अशी की तिने ओसाड रुग्णालयात जाऊन उडती तबकडी शोधायची आणि त्याने एका कुप्रसिद्ध बोगद्यात जाऊन भूत. एकाच रात्री दोघेही खोटे ठरतात. तिला सेर्पो नावाचे परग्रहवासी पकडतात. त्याला 'टर्बो आजी' झपाटते, आणि त्या झपाटण्यात त्याची जननेंद्रिये नाहीशी होतात. पुढे वृषणांचा शोध हाच कथेचा कणा होतो. हे वाचून नाक मुरडणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण ही गोष्ट हरवण्यामागे रचनेचा हेतू आहे, आणि तो पुढे स्पष्ट होईल.

या वाङ्मयप्रकारातली नेहमीची आकांक्षा कशी असते? 'वन पीस'च्या (१९९७ पासून) लुफीला समुद्री चाच्यांचा राजा व्हायचे आहे; 'नारुतो'च्या (१९९९–२०१४) नायकाला गावचा होकागे, म्हणजे प्रमुख. दोन्ही पदे आहेत, आणि पदाकडे जाणारा रस्ता लढायांतून जातो. प्रत्येक विजय ही एक पायरी. मैत्री, प्रयत्न, विजय ही 'जंप' परंपरेची त्रिसूत्री अशा कथेत विनासायास बसते, कारण मैत्रीने बळ मिळते, प्रयत्नाने ते वाढते आणि विजयाने इच्छा पुरी होते. लढाई आणि आकांक्षा इथे एकाच दिशेने धावतात.

'दांदादान'मध्ये कोणालाच सर्वश्रेष्ठ व्हायचे नाही. केनला, म्हणजे मोमोने ज्याचे नाव ओकारुन ठेवले त्याला, मित्र हवा आहे. लहानपणापासून कोणी सोबत घेतले नाही म्हणून तो आकाशातल्या पाहुण्यांना हाका मारीत बसला; माणसांनी दार लावले तर निदान परग्रहवासी तरी येतील ही त्याची बालिश, खरीखुरी आशा. मोमोला प्रियकर हवा, तोही केन ताकाकुरा या नटासारखा. हा जपानी पडद्यावरचा मितभाषी, करारी नायक १९३१ ते २०१४ या काळातला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे हे दैवत असणे हाच एक गमतीदार तपशील, आणि त्याच नावाचा बावळट पोरगा तिच्या पुढ्यात येऊन उभा राहतो हा दुसरा. त्यांच्याच शाळेतल्या आयरा शिरातोरीला आपण निवडलेली, विशेष मुलगी आहोत अशी खात्री हवी. तिची आई लहानपणीच वारली आहे. या इच्छांपैकी एकही लढाई जिंकून पुरी होत नाही. भुताला हरवले तर हरवलेला अवयव परत मिळेल, घर शाबूत राहील, जीव वाचेल. एवढेच. विजयाने माणूस फार तर पूर्वस्थितीला येतो, पुढे सरकत नाही.

इथे दोन पूर्वपक्ष संभवतात. पहिला म्हणेल : मग लढाया या वाचक टिकवण्यासाठी लावलेल्या आहेत, खरी कथा प्रेमकथा. दुसरा म्हणेल : प्रेमकथा ही दोन लढायांमधली विश्रांती. दोन्ही पक्षांना काही पुरावा आहे. शाळेतले प्रसंग पाहिले तर आदल्या रात्री एकमेकांचा जीव वाचवलेली ही दोघे वर्गाच्या दारात साधे 'काय चाललंय' म्हणताना अडखळतात. भुताशी झुंजताना जो संकोच मुळीच नव्हता तो मधल्या सुट्टीत उभा राहतो. म्हणजे दोन जगे वेगळीच आहेत असे वाटावे. पण आयराच्या प्रकरणात येणारे 'अॅक्रोबॅटिक सारासारा' हे भूत दोन्ही पक्ष खोडून काढते.

सारासारा ही उंच, लांब केसांची, लवचिक अंगाची स्त्रीपिशाच आहे. ती आयराच्या मागे लागली आहे आणि तिला 'आई' म्हणवून घेण्याचा तिचा हट्ट आहे. पहिली काही पाने हे निव्वळ भयप्रकरण आहे : केसांचे विळखे, अशक्य कोनातून वळणारे हातपाय, नर्तकीसारख्या हालचाली. लढाई संपते, आयरा गतप्राण होते, आणि तिला जगवण्यासाठी भुताची प्राणशक्ती तिच्यात घालताना मोमोला त्या भुताची स्मृती दिसते. ही एकटी आई होती. कर्ज होते, एकीवर एक कामे होती, देहविक्रयही होता. आणि घरी परतल्यावर छोट्या मुलीबरोबर नाच होता. वसुलीला आलेली माणसे मुलीला उचलून नेतात. आई गाडीमागे धावते, पोचत नाही. त्यानंतर ती इमारतीच्या गच्चीवर जाते. या भागात संवाद अगदी मोजके आहेत. मेल्यानंतर तिला एकदा लहानगी आयरा भेटते, नुकतीच आई गमावलेली, आणि ती या भुतालाच 'आई' म्हणून बिलगते. भुताला आपली मुलगी आठवतही नाही, फक्त त्या हाकेची ओढ उरते.

या स्मृतीनंतर मागची सगळी मारामारी नव्याने वाचावी लागते. भयप्रद वाटलेल्या हालचाली हा मुलीबरोबरचा नाच होता. आयराला गिळू पाहणारा हट्ट ही आईपणाची राहिलेली भूक होती. आणि आयराची विशेष असण्याची धडपड पोरकेपणातून आलेली होती. एका बाजूला लेक हरवलेली आई, दुसऱ्या बाजूला आई हरवलेली लेक. दोघींची इच्छा एकच, आणि ती इच्छाच त्यांना एकमेकींवर घालते. इथे लढाईने दैनंदिन जगणे अडवलेले नाही आणि दैनंदिन जगण्याने लढाईला उसंत दिलेली नाही. खुंटलेली घरगुती इच्छा हीच इथे राक्षसाची द्रव्यसामग्री आहे.

हे एकदा घडले असते तर त्याला योगायोग म्हणता आले असते. पण तात्सु यांची ही पद्धतच आहे. मोमोचा बालमित्र जिजी याच्या घरी 'दुष्टदृष्टी' नावाचे भूत आहे, ते त्याच्यात शिरते. हे भूत मुळात बळी देण्यासाठी कोंडून ठेवलेले पोर. बाहेरची मुले खेळताना बघत बघत ते मेले. त्याला सूड हवा, पण सुडाच्याही तळाशी खेळायचे आहे. त्याला ठार केले तर जिजी मरेल, म्हणून मोकळे सोडावे तर गाव मरेल. तोड निघते ती अशी की ओकारुन त्याच्याशी आठवड्यातून एकदा झुंजायचे कबूल करतो. म्हणजे लढाईच खेळ होते, आणि खेळायला सवंगडी मिळणे ही ओकारुनची स्वतःचीही जुनी इच्छा होती हे वाचकाला आपोआप उमगते. लेखक ते सांगत बसत नाही, हे त्याचे मोठेपण.

याच भागात तात्सु यांनी एक यांत्रिक युक्ती वापरली आहे. गार पाण्याने जिजीचा दुष्टदृष्टी होतो, गरम पाण्याने तो पुन्हा जिजी. रुमिको ताकाहाशी यांच्या 'रान्मा १/२'ची (१९८७–१९९६) ही उघड उसनवारी आहे. तिथे पाण्याने मुलाची मुलगी होई आणि त्यातून विनोद निघे. इथे त्याच नियमाने सारे घर सावध होते : पाऊस, नळ, पाण्याचा पेला, काहीही जीवघेणे ठरू शकते, आणि गरम पाणी हाताशी ठेवणे ही घरातली जबाबदारी होते. राक्षसाशी सामना असा किटलीच्या पातळीवर आणल्यावर लढाई आणि घरकाम यांत भेद करायचा कुठे?

परग्रहवासीयांतही हेच. १९७७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी दिसल्याच्या बोलवा उठलेल्या 'डोव्हर डीमन'चे रूप घेऊन एक योद्धा येतो. तो भाडोत्री आहे. आजारी मुलाला रक्त हवे, रक्ताला पैसा हवा, म्हणून तो मिळेल ती मारामारीची कामे घेतो. दुसऱ्याच्या पोराला मारून आपल्या पोराचे औषध आणणारा बाप. लढाईनंतर मोमोच्या घरी त्याची विचारपूस होते आणि गायीच्या दुधाचा उपाय सापडतो. विश्वाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला शत्रू एक गाय घेऊन परत जातो. हा प्रसंग हास्यास्पद आहे, पण त्यातले अर्थशास्त्र अचूक आहे.

आता एका अडचणीकडे वळू. इतके भय, इतका शृंगार, इतका पांचटपणा आणि इतका शोक एकत्र आला की रसभंग का होत नाही? हा प्रश्न आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त व्यवस्थित मांडून ठेवला आहे. रसांचा विरोध दोन प्रकारे होतो : दोन विरोधी रस एकाच आश्रयात आले तर, आणि ते एकापाठोपाठ लगेच आले तर. पहिल्याचा परिहार आश्रय वेगळा करून; वीर नायकात ठेवावा, भय प्रतिनायकात. दुसऱ्याचा परिहार मध्ये तिसरा रस घालून. हर्षाच्या 'नागानंदा'त शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, असे 'ध्वन्यालोका'चा टीकाकार अभिनवगुप्त दाखवतो.

तात्सु यांना हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, पण त्यांची उत्तरे या चौकटीत ठेवली की लख्ख दिसतात. दुसरा परिहार ते सढळपणे वापरतात. भयाकडून कोमल भावाकडे जाताना मध्ये हमखास हास्य येते, आणि वृषणांचा शोध कथेच्या मध्यभागी ठेवण्याचे प्रयोजन हेच. कितीही भेसूर प्रसंग असो, कोणीतरी त्या दोन गोळ्यांचा विषय काढते आणि रसांतराला वाट मिळते. शिवाय हा शोध ओकारुन-मोमोला एकत्र ठेवणारे निमित्त आहे. ती शोध संपवायला धडपडतात, आणि तो संपला तर रोज भेटायचे कारण काय हा प्रश्न न बोलता मागे उभा राहतो. तात्सु यांनी लाजेची गोष्ट निवडली ती या दुहेरी कामासाठी. तलवार किंवा मणी हरवला असता तर शोध उदात्त झाला असता आणि प्रेमकथा पोकळ.

पहिला परिहार मात्र ते मुद्दाम मोडतात. वीर आणि त्याचा विरोधी भाव ते एकाच देहात ठेवतात. टर्बो आजीची शक्ती अंगात आली की ओकारुन वाऱ्याच्या वेगाने धावतो, पण त्याच क्षणी तो खिन्न होतो. खांदे पडलेले, बोलणे मरगळलेले, जगण्याचा कंटाळा आल्यासारखे. बळ आले आणि उत्साह गेला. उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव. तोच काढून घेतल्यावर उरते ती वीराची नुसती क्रिया. शास्त्राप्रमाणे हा दोष ठरावा. इथे तो गुण ठरतो, कारण लढाई या मुलाला हवीशी नाही ही गोष्ट त्याच्या चेहऱ्यावरच चितारली जाते. त्याला हवे ते सगळे लढाईच्या पलीकडे आहे. नायकाला पराक्रमाची चव लागू न देणे हा या मालिकेतला सर्वांत धाडसी निर्णय आहे, असे माझे मत.

पात्रांच्या मांडणीत मोमोची आजी सेइको हिचे स्थान वेगळे. ती मांत्रिक आहे, सिगारेट ओढते, दिसते तरुण, आणि पोरांना वेळेवर जेवायला घालते. तिची शक्ती स्थानिक देवतेकडून उसनी घेतलेली आहे, त्यामुळे ती कामिगोए या गावाच्या हद्दीतच चालते. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही; ग्रामदेवतेचा अंमल वेशीपर्यंत, हे तो जन्मापासून जाणतो. रचनेच्या दृष्टीने या मर्यादेचा उपयोग मोठा आहे. सर्वज्ञ, समर्थ वडीलधारी व्यक्ती घरात असेल तर मुलांनी लढायचे कशाला, हा अशा कथांतला कायमचा पेच. तात्सु तो नकाशाने सोडवतात. गावात आजी आहे, गावाबाहेर मुले एकटी. आणि घर हे केंद्र राहते. वारंवार मोडते, वारंवार उभे राहते, पुढे तर किन्ता साकाता या यंत्रवेड्या मुलाच्या कल्पनेतून ते घरच एक अजस्र यंत्रमानव होऊन लढते. घराने लढाईत उतरावे ही कल्पना पोरकट आहे आणि या मालिकेत ती तर्कशुद्धही आहे.

चित्रांविषयी थोडेच सांगतो. तात्सु यांची पार्श्वभूमी दाट, काटेकोर असते : तारा, कौले, जिन्याचे कठडे. चेहरे मात्र क्षणात दोन-चार रेघांवर येतात. गंभीर आणि हास्य यांतले अंतर ते रेषेच्या घनतेने मोजतात, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही नांदू शकतात. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि धक्का पान उलटल्यावर द्यायचा, ही जुनी रीत ते काटेकोरपणे पाळतात. ही मालिका पडद्यावर प्रसिद्ध होत असूनही तिचे जोडपानी प्रसंग छापील पुस्तकातच पुरते खुलतात. फोनवर ते आकसतात.

दोष सांगायलाच हवेत. पहिल्याच प्रकरणात सेर्पो मोमोला बांधून तिचे कपडे उतरवतात, आणि तो प्रसंग ज्या कोनातून चितारला आहे त्यात धोक्यापेक्षा वाचकाच्या नजरेची सोय अधिक पाहिली आहे. पुढे सारासाराची कथा इतक्या आदराने सांगणाऱ्या लेखकाने ही सुरुवात करावी हे खटकते. प्रसंगाने मोमोची शक्ती जागी होते (चक्रे उघडतात, असे मालिकाच म्हणते, आपले चक्र कुठवर जाऊन आले पाहा) हे खरे, पण त्यासाठी हाच मार्ग अनिवार्य नव्हता.

दुसरा दोष रचनेचा, आणि माझ्या मते अधिक गंभीर. परग्रहवासीयांचे सैन्य गावावर चालून येते त्या दीर्घ भागात शत्रू संख्येने वाढतो आणि चरित्राने आटतो. वामोला ही उद्ध्वस्त ग्रहावरून पळून आलेली मुलगी त्या भागाचा जीव आहे. तिला वाढवणाऱ्या बांगाची आठवण वाचताना जुनी ताकद पुन्हा जाणवते. पण तिच्या पाठलागावर आलेल्या सैनिकांना काहीच हवे नाही, निदान आपल्याला कळेल असे काही नाही. ज्याला इच्छा नाही तो राक्षस इथे नुसता अडथळा होतो. त्या भागात लढाया देखण्या आहेत, यंत्रे कल्पक आहेत, आणि वाचक पाने भराभर उलटतो. तिथे मात्र ही मालिका इतर अनेक मालिकांसारखी होते आणि 'समतोला'ची भाषा तिला खरोखर लागू पडते : इतकी पाने युद्ध, तितकी पाने थट्टा.

तुलनेसाठी दोनच नावे पुरेत. वन या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराची 'मॉब सायको १००' (२०१२–२०१७) ही मालिका साध्या इच्छेला लढाईपेक्षा वरचे स्थान देते; अफाट शक्ती असलेला मुलगा शाळेच्या व्यायाम मंडळात जाऊन दमतो. फुजिमोतोंच्या 'चेनसॉ मॅन'मध्ये (२०१८ पासून) नायकाची इच्छा पाव आणि जॅमपासून सुरू होते, आणि त्याला वापरून घेणारी माणसे त्या इच्छेचाच गळफास करतात. पहिली इच्छेला जपते, दुसरी तिची किंमत दाखवते. 'दांदादान' ती इच्छा शत्रूलाही देते. विचार म्हणून हे पाऊल दोन्हींच्या पुढचे आहे; सातत्यात मात्र 'मॉब सायको' सरस, कारण ती सोळा खंडांत थांबली.

नव्या वाचकाने पहिल्या प्रकरणावरून पुस्तक मिटू नये. सारासाराचे प्रकरण पुरे होईपर्यंत वाचावे आणि मग आवडनिवड ठरवावी. आणि घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर अॅनिमे लावण्यापूर्वी मोठ्यांनी पहिला भाग स्वतः पाहून घ्यावा, कारण चित्रे शाळकरी पोरांची असली तरी मजकूर त्यांच्या वयाचा नाही.